प्लगइनचे पैसे भरलेत, तरी दर महिन्याला लायसन्स हरवतं: आमच्या स्टुडिओत सापडलेलं कारण

आधी लक्षण सांगते. प्लगइन, म्हणजे मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचं, आवाजावर काम करणारं छोटं सॉफ्टवेअर, रीतसर घेतलेलं आहे, बिल ईमेलमध्ये आहे, कंपनीच्या अकाउंटमध्ये लायसन्स आपल्या नावावर दिसतंय. तीन-चार आठवडे सगळं सुरळीत चालतं. मग एका सकाळी सेशन (गाण्याच्या कामाची फाइल) उघडायला जावं तर लायसन्स सापडत नाही असा चौकोन समोर येतो. काही प्लगइन बंद पडलेली, काहींमधून दर थोड्या वेळाने आवाजच गायब. पुन्हा इन्स्टॉल करा, पुन्हा लॉगइन करा, डोंगल (लायसन्स साठवणारा यूएसबी तुकडा) काढून घाला. कशाने तरी चालू होतं. महिना उलटला की परत तेच.

ठाण्यातल्या नौपाड्यात माझा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. एक बूथ, एक कंट्रोल रूम, एक डेस्कटॉप आणि बाहेरच्या कामांसाठी एक लॅपटॉप. बालनाट्यांचे ट्रॅक, भावगीतं, मंडळांच्या आरत्या, निवडणुका आल्या की प्रचारगीतं, अशी कामं असतात. हा त्रास मी पाच महिने सोसला. पाचव्या खेपेला गणपती आठ दिवसांवर आले होते, कळव्याच्या एका मंडळाची सहा माणसं मागच्या सोफ्यावर मिक्स ऐकायला येऊन बसली होती, आणि गायिकेच्या आवाजाची पातळी सारखी ठेवणारा कॉम्प्रेसर आणि त्याला घुमारा देणारा रिव्हर्ब, ही दोन्ही प्लगइन बंद. त्या रात्री ठरवलं की मूळ सापडेपर्यंत उठायचं नाही. नंतर ऐरोली, वाशी, डोंबिवलीकडच्या ओळखीच्या होम स्टुडिओवाल्यांना विचारलं तर बऱ्याच जणांचं दुखणं हेच निघालं. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

बंद पडणारी दोन्ही प्लगइन मी दरमहा हप्त्यावर घेतलेली होती. अशा लायसन्सला मुदत असते. हप्ता जमा झाला की कंपनीच्या सर्व्हरवर मुदत पुढे सरकते, पण ती नवी तारीख आपल्या कॉम्प्युटरने सर्व्हरशी बोलून उचलावी लागते. माझा डेस्कटॉप ती उचलतच नव्हता. दर वेळी मी घाईघाईत डोंगल काढून लॅपटॉपला लावायचे, तिथे सिंक व्हायचं, परत आणून डेस्कटॉपला लावलं की काम सुरू. मला वाटायचं की डोंगल काढून घातल्यानेच ते बरं होतंय. बरं होत होतं ते लॅपटॉपवर, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

धागा सापडला तो माझ्या मदतनीसाला, ऐरोलीहून येणाऱ्या मुलाला. तो म्हणाला, “ताई, या पीसीवर त्या कंपनीची साइटच उघडत नाहीये. माझ्या मोबाइलवर उघडते, आणि वायफाय तर आपलंच आहे.”

तुम्हीही पहिल्यांदा हेच करून बघा. ज्या मशीनवर त्रास आहे त्याच मशीनच्या ब्राउझरमध्ये प्लगइन कंपनीची आणि लायसन्स मॅनेजरवाल्या (म्हणजे लायसन्स तपासणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या) कंपनीची वेबसाइट उघडा. बाकी सगळं जग उघडतंय आणि नेमक्या याच दोन-चार साइट उघडत नसतील, तर पुढचा भाग तुमच्यासाठी आहे. उघडत असतील तर थेट ‘क्रॅक कधीच नव्हता तर’ या भागाकडे जा (क्रॅक म्हणजे लायसन्सची तपासणी मोडून केलेली चोरीची प्रत).

होस्ट्स फाइल

प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये ‘होस्ट्स’ नावाची एक साधी मजकुराची फाइल असते. एखाद्या वेबसाइटचा पत्ता इंटरनेटवर विचारण्याआधी कॉम्प्युटर या फाइलमध्ये डोकावतो. तिथे त्या साइटच्या नावापुढे १२७.०.०.१ किंवा ०.०.०.० लिहिलेलं असेल तर तो बाहेर जातच नाही, कारण १२७.०.०.१ म्हणजे ‘मी स्वतः’. सोसायटीच्या वॉचमनच्या वहीत कुणी लिहून ठेवावं की अमुक कुरियरवाला आला तर गेटवरूनच परत पाठव, तसं. लिहिणारा भाडेकरू घर सोडून गेला, नवीन माणूस राहायला आला, त्याने स्वतः पार्सल मागवलं, तरी वॉचमन वही बघून कुरियर परत पाठवतोय.

माझ्या वहीत हे लिहिलं कुणी? स्टुडिओ सुरू केला तेव्हा मी पीसी ‘लोड करून’ घेतला होता. म्हणजे असेंबल करून देणाऱ्याने मिक्सिंगचं सॉफ्टवेअर आणि शंभरेक प्लगइन क्रॅक करून भरून दिली होती. मला ते माहीत होतं आणि मी ते घेतलं. पुढे कामं वाढली तशी एकेक प्लगइन विकत घेत गेले, क्रॅकवाली काढून टाकली आणि समजले की प्रकरण संपलं. पण क्रॅक बसवताना कंपनीच्या सर्व्हरशी बोलणं बंद करायला होस्ट्स फाइलमध्ये ओळी घातल्या जातात, आणि प्लगइन अनइन्स्टॉल केल्याने त्या ओळी जात नाहीत. माझ्या फाइलमध्ये अशा त्रेचाळीस ओळी निघाल्या. ज्या कंपनीला मी आता दरमहा पैसे देत होते, तिचं नाव त्यात चार वेळा होतं.

विंडोजवर ही फाइल सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टिम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी अशा क्रमाने आत गेलं की सापडते. नुसत्या डबल क्लिकने उघडून बदल केला तर सेव्ह होत नाही. नोटपॅडवर राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडा आणि मग त्या नोटपॅडमधून फाइल उघडा; उघडताना खालच्या यादीत ‘ऑल फाइल्स’ केलं नाही तर फोल्डर रिकामं दिसेल. मॅकवर फाइंडरमध्ये कमांड, शिफ्ट आणि जी दाबून स्लॅश ईटीसी स्लॅश होस्ट्स लिहा. बदलण्याआधी फाइलची एक कॉपी डेस्कटॉपवर ठेवा. सुरुवातीच्या ‘लोकलहोस्ट’वाल्या ओळींना हात लावू नका. ऑफिसचा पीसी असेल तर काही ओळी तिथल्या कामासाठीही असू शकतात, म्हणून सरसकट न पुसता ओळखीच्या ऑडिओ कंपन्यांच्याच पुसा. सेव्ह करताना नावापुढे टीएक्सटी चिकटू देऊ नका. मशीन रीस्टार्ट करा आणि साइट उघडून बघा.

माझी साइट उघडली, पण लायसन्स मॅनेजर तरी अडकलेलाच. कारण वॉचमन दोन होते. दुसरा फायरवॉल, म्हणजे कुठलं सॉफ्टवेअर नेटशी बोलू शकेल ते ठरवणारा पहारा. विंडोजच्या फायरवॉलमधल्या ‘ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज’मध्ये ‘आउटबाउंड रूल्स’ची यादी असते. त्यात लाल खूण असलेले, प्लगइनच्या किंवा लायसन्स मॅनेजरच्या नावाचे नियम शोधा आणि डिलीट करा. माझ्याकडे सहा होते. ते गेल्याबरोबर डेस्कटॉपवर पहिल्यांदा सिंक झालं आणि मुदतीची तारीख महिनाभर पुढे सरकलेली दिसली. तेव्हापासून चार महिने झाले, एकदाही चौकोन आलेला नाही.

जुन्या प्रती आणि खोटे डोंगल

याच साफसफाईत आणखी एक गोष्ट सापडली. व्हीएसटी हा प्लगइन बनवण्याचा एक प्रचलित साचा. विंडोजवर व्हीएसटी३ प्रकारची प्लगइन ‘कॉमन फाइल्स’मधल्या व्हीएसटी३ फोल्डरमध्येच बसतात, पण जुनी व्हीएसटी२ वाटेल त्या फोल्डरमध्ये टाकता येतात. माझ्याकडे एकाच ईक्यूच्या (आवाजातले खर्ज-तीव्र भाग कमीजास्त करणाऱ्या प्लगइनच्या) तीन प्रती होत्या: विकत घेतलेली व्हीएसटी३, आणि दोन वेगळ्या फोल्डरांत क्रॅकवाली व्हीएसटी२. जुनी सेशन उघडली की सॉफ्टवेअर इमानाने जुनी प्रत शोधून तीच लावायचं. पैसे दिलेली प्रत बाजूला बसून राहायची. म्हणून सॉफ्टवेअरच्या प्लगइन मॅनेजरमध्ये जाऊन तो कुठकुठली फोल्डरं तपासतो ती यादी वाचा, नको ती काढा आणि पूर्ण रीस्कॅन करा.

काही क्रॅक खऱ्या डोंगलची नक्कल करणारा खोटा ड्रायव्हर बसवतात. असं काही बसलं असेल तर खरा लायसन्स मॅनेजर आणि खोटा यांची ओढाताण चालते आणि बाहेरून काहीच कळत नाही. यावर माझं स्पष्ट मत आहे: एकेक तुकडा शोधत बसू नका, विंडोज नव्याने टाका. दोन दिवस जातात. मी शेवटी तेच केलं आणि ते आधी न केल्याचं वाईट वाटलं. मात्र फॉरमॅट करण्याआधी मशीनवर असलेली सगळी लायसन्स डीॲक्टिव्हेट करून अकाउंटमध्ये परत पाठवा. तसं न करता फॉरमॅट केलं तर कंपनीच्या लेखी ती लायसन्स जुन्याच मशीनवर अडकून पडतात, आणि मग सपोर्टला लिहून उत्तराची वाट बघायची.

फॉरमॅट करायचं आणखी एक कारण आहे. २०१९ मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीने ‘लाउडमायनर’ नावाचा प्रकार उघड केला. एकाच वेबसाइटवरच्या ऑडिओ सॉफ्टवेअरच्या आणि व्हीएसटी प्लगइनच्या क्रॅक प्रतींमध्ये तो घातलेला होता, अशी १३७ सॉफ्टवेअर त्यांनी मोजली: ४२ विंडोजची, ९५ मॅकची. प्लगइनसोबत गुपचूप एक आभासी मशीन, म्हणजे आपल्या कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर, बसायचं, विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्सने आणि मॅकवर क्यूएमूने, आणि ते पाठीमागे मोनेरो नावाचं आभासी चलन तयार करत बसायचं. आपल्यासारख्यांनाच का गाठलं, याचं ईसेटने दिलेलं कारण वाचून मी सुन्न झाले. ऑडिओवाल्यांकडे प्रोसेसर तगडा असतो, तो तापलेला दिसला तरी आपल्याला नवल वाटत नाही, आणि आपली सॉफ्टवेअर मुळातच एवढी मोठी असतात की आत काही लपवलेलं जाणवत नाही. पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, मॅकवर ‘थीफक्वेस्ट’ आला. तो फाइली कुलूपबंद करून खंडणी मागायचा, आणि तो एबलटन लाइव्ह आणि मिक्स्ड इन की यांच्या चोरीच्या प्रतींतून पसरला होता.

म्हणून काहीही न वाजवता टास्क मॅनेजर उघडून बघा. सेशन बंद आहे आणि तरी प्रोसेसर सतत कामात दिसतोय, किंवा तुम्ही कधीच न टाकलेलं व्हर्च्युअलबॉक्स यादीत आहे, तर नेट काढा आणि आधी क्लायंटच्या रेकॉर्डिंगचा बॅकअप सांभाळा. अँटिव्हायरसमधली ‘एक्सक्लूजन्स’ची यादीही वाचा. क्रॅक बसवणारा तिथे फोल्डर टाकून जातो. माझ्याकडे अख्खा सी ड्राइव्ह वगळलेला होता. म्हणजे इतकी वर्षं अँटिव्हायरस होता, आणि तो काहीच बघत नव्हता.

क्रॅक कधीच नव्हता तर

मग कारण बहुधा साधं असतं. सगळ्यात आधी घड्याळ बघा. वीज गेल्यावर पीसी सुरू करताना तारीख भलत्याच वर्षाची दिसत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा बटणासारखा सेल संपलेला आहे. तारीख चुकली की मुदतीची लायसन्स संपलेली वाटतात आणि सर्व्हरशी सुरक्षित जोडणीही होत नाही. सेल बदलणं पाच मिनिटांचं काम आहे.

आयलॉक ही लायसन्स सांभाळणारी सेवा वापरत असाल तर लायसन्स नेमकं कुठे आहे ते मॅनेजरमध्ये बघा. ते तीन ठिकाणी राहू शकतं: मशीनवर, डोंगलवर किंवा क्लाउडवर. प्रत्येक प्लगइन तिन्ही ठिकाणं चालवून घेतंच असं नाही. क्लाउडला सलग इंटरनेट लागतं आणि एका वेळी एकाच कॉम्प्युटरवर क्लाउड सेशन (लायसन्सच्या सर्व्हरशी जोडणी) चालू ठेवता येतं. वाशीतल्या माझ्या एका मित्राचा सगळा गोंधळ एवढाच होता: घरच्या लॅपटॉपवर क्लाउड सेशन चालू ठेवून तो स्टुडिओत यायचा. वायफाय अधूनमधून तुटत असेल तर क्लाउडच्या भरवशावर रेकॉर्डिंग घेऊ नका, लायसन्स मशीनवर किंवा डोंगलवर आणा.

डोंगल हबमध्ये असेल तर काढून थेट पीसीच्या मागच्या पोर्टमध्ये लावा, आणि विंडोजच्या पॉवर सेटिंगमधलं ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा. आणि डोंगल बॅगेत टाकून ठाणे-वाशी लोकलने रोज नेऊ-आणू नका. त्या अंगठ्याएवढ्या तुकड्यात काही वेळा अख्ख्या पीसीपेक्षा जास्त पैसे असतात.

स्टाइनबर्ग या ऑडिओ सॉफ्टवेअर कंपनीच्या जुन्या ई-लायसेन्सर डोंगलवर अजून कुणी असेल तर एवढं लक्षात ठेवा: ती सेवा २० मे २०२५ रोजी बंद झाली. डोंगलवर आधीपासून असलेली लायसन्स चालत राहतात, पण नवीन ॲक्टिव्हेशन किंवा दुरुस्ती आता होत नाही. तो डोंगल मोडला तर त्यावरचं गेलं.

मदरबोर्ड बदलला, हार्ड डिस्क क्लोन केली, नवीन मॅकवर सगळं उचलून नेलं, तर मशीनला बांधलेली लायसन्स मशीन ओळखत नाहीत. नव्याने ॲक्टिव्हेट करा, संपलं.

विकत घेणं परवडत नाही, हे म्हणणं

हे मी मनापासून समजून घेते, कारण मी तिथूनच आले आहे. पहिल्या वर्षी माइकचे हप्ते आणि जागेचं भाडं यांतच सगळं जायचं. पण आज सुरुवात करणाऱ्याला खरोखर पर्याय आहेत. रीपर या मिक्सिंग सॉफ्टवेअरची चाचणी ६० दिवस कुठलंही बंधन न घालता चालते, आणि वैयक्तिक वापर करणाऱ्यांना किंवा धंद्याची वार्षिक उलाढाल २० हजार डॉलरच्या आत असलेल्यांना लायसन्स ६० डॉलरला मिळतं. टीडीआर नोव्हा हा ईक्यू, व्हलहाला सुपरमॅसिव्ह हा रिव्हर्ब, सर्ज एक्सटी हा सिंथ (कॉम्प्युटरवर सूर तयार करणारं वाद्य) आणि व्हॉक्सेंगो स्पॅन हा आवाज आलेखात दाखवणारा ॲनलायझर, चारही फुकट आणि अधिकृत. मागच्या महिन्यात एका बालनाट्याचा अख्खा ट्रॅक मी मुद्दाम एवढ्यावरच केला. गडकरी रंगायतनला वाजला, कुणाला काही कमी वाटलं नाही. मोठी प्लगइन नोव्हेंबरच्या सेलमध्ये बरीच स्वस्त होतात. एक यादी करून तेव्हाच घ्या.

कायदाही माहीत असू द्या. कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये कॉम्प्युटर प्रोग्रॅम हा साहित्यकृतीत धरला आहे. कलम ६३ब प्रमाणे बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर धंद्यासाठी किंवा कमाईसाठी नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून कैद टाळू शकतं आणि ५० हजारांपर्यंत दंड करू शकतं. आपण क्लायंटकडून पैसे घेऊन काम करतो, ही सवलत आपल्याला मागता येणार नाही.

पण माझं मन बदललं ते कायद्याने नाही. कळव्याचे एक ढोलकीवादक काका माझ्याकडे कायम येतात. जुन्या डिस्कवर ‘इंडियन पर्कशन’ नावाचं एक फोल्डर होतं, कुठल्या तरी ग्रुपवरून आलेलं. एका लावणीसाठी आधार म्हणून मी त्यातला एक लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) लावला आणि काका हेडफोन काढून म्हणाले, “बाई, हा हात माझा आहे.” मला वाटलं गंमत करतायत. त्यांनी ढोलकी घेतली आणि तीच उठान, तोच शाईवरचा घिस्सा, तसाच्या तसा वाजवून दाखवला. काही वर्षांपूर्वी एका सॅम्पल पॅकसाठी (गाण्यात वापरायला विकल्या जाणाऱ्या तयार तुकड्यांच्या संचासाठी) त्यांनी दोन दिवस वाजवलं होतं आणि विक्रीतला वाटा ठरला होता. वाट्याचे पैसे थोडेसे आले, मग थांबले. ते माझ्यावर रागावले नाहीत. चहा घेतला आणि ठरलेलं काम करून गेले. ते फोल्डर मी त्याच संध्याकाळी पुसलं, त्या लावणीत काकांकडूनच नव्याने वाजवून घेतलं आणि त्याचं मानधन वेगळं दिलं.

जुन्या सेशनचं काय

साफसफाईनंतर प्रत्येकाला हा प्रश्न पडतो. क्रॅकवाली प्लगइन काढली की पाच वर्षांपूर्वीची सेशन उघडल्यावर जागोजागी रिकामे खण दिसतात, आणि तोच क्लायंट नेमका फोन करतो की गाण्याचा फक्त कराओके ट्रॅक द्या.

बहुतेक कंपन्या पूर्ण क्षमतेची अधिकृत चाचणी देतात. फॅबफिल्टरची ३० दिवसांची असते. एका कंपनीची चाचणी सुरू करा, तिची प्लगइन असलेली सगळी जुनी सेशन त्या मुदतीत ओळीने उघडा आणि प्रत्येक ट्रॅक इफेक्टसकट ऑडिओ करून सेव्ह करा. त्याच प्लगइनची अधिकृत प्रत असल्यामुळे बहुतेक वेळा सेटिंग जसंच्या तसं उघडतं; जिथे उघडलं नाही तिथे मी कानाने जुळवून घेतलं. मग पुढची कंपनी. सगळ्या चाचण्या एकदम सुरू करू नका, मुदत संपते आणि सेशन राहून जातात. मी रोज संध्याकाळी दोन या हिशेबाने बसले. माझी एकशे बारा होती, आता अकरा उरली आहेत. त्यांत वापरलेला एक सिंथ बनवणाऱ्यांनीच बंद केलाय, त्यामुळे त्याची चाचणीही मिळत नाही. त्या अकरांचे सूर सर्जवर पुन्हा वाजवून बघते आहे. चार जुळलेत.